बिराजदार साहेब, तुम्ही त्याच विमानात बसलात

साहेब,

तुम्हाला रुद्रभूमीत मातीआड ठेवून आलो, त्याला आज बारा दिवस झाले. नौदलाची पोरं मुंबईहून आली होती. पांढरेशुभ्र गणवेश, डोक्यावर सोलापूरचं ऊन, पण एकाचाही पाय हलला नाही. बंदुकांची सलामी झाली तेव्हा शेजारच्या लिंबावरचे कावळे कसेही, वाट्टेल त्या दिशेला उडाले. मला वाटलं, आता तुम्ही म्हणणार, "बघ दत्ता, टेकऑफची पार वाट लावली यांनी."

त्या दिवशी मी रडलो नाही. रडलो ते चार दिवसांनी, तुमच्या घरी, वहिनीसाहेबांनी एक गोष्ट सांगितली तेव्हा. ती गोष्ट तुम्ही माझ्याजवळ पन्नासहून जास्त वर्षं काढली नाहीत. आणि गंमत म्हणजे मीही तीच गोष्ट तेवढीच वर्षं तुमच्यापासून लपवून ठेवली होती. आता तुम्ही नाही, तर सगळं सांगून टाकतो. ऐकताना मधे बोलायची तुमची सवय होती. आज बोलता येणार नाही, एवढाच माझा फायदा.

आपली पहिली भेट आठवते का? विमानवाहू जहाजावर मी नवा होतो. एकवीस वर्षांचा, विमानाचा मेकॅनिक. तुम्ही लेफ्टनंट, लढाऊ विमानाचे पायलट. मी पंखाखाली वाकून काम करत होतो आणि तुम्ही काहीतरी विचारलंत. मी मोडक्यातोडक्या हिंदीत उत्तर दिलं. तुम्ही खाली वाकून माझं तोंड बघितलंत.

"कुठला रे तू?"

"करकंब, साहेब. तालुका पंढरपूर."

"आणि मी सोलापूरचा. मग माझ्याशी हिंदी कशाला फाडतोस? माझी आई घरात कानडी बोलते, वडील शाळेत मराठी शिकवतात. तू आपलं करकंबचंच बोल."

"व्हय साहेब," मी म्हणालो, आणि तुम्ही एवढ्या मोठ्यानं हसलात की डेकवरची माणसं वळून बघायला लागली. आठवडाभरात तुम्ही अख्ख्या स्क्वाड्रनला 'व्हय' म्हणायला शिकवलंत. आम्हा मेकॅनिकांचे प्रमुख, केरळचे चीफसुद्धा कामाची यादी वाचून झाली की विचारायचे, "व्हय?"

ज्यांनी ते डेक पाहिलं नाही त्यांना सांगून कळत नाही. जमिनीवरची धावपट्टी मैल-दीड मैल लांब असते. जहाजावर तेवढी जागा कुठली! तिथं विमानाला यंत्रानं पुढे फेकतात, गोफणीतून दगड सुटावा तसं. दोन-तीन सेकंदांत विमान डेकवरून समुद्रावर गेलेलं असतं. परत येताना त्याच्या शेपटीखालचा आकडा डेकवरच्या आडव्या तारेत अडकावा लागतो. अडकला तर थांबलात. नाही अडकला तर पुन्हा वर जायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. जहाज पुढे पळतंय, वर-खाली हलतंय, आणि तुम्ही वरून त्या काडेपेटीवर उतरताय. पहिल्यांदा तुमचं उतरणं पाहिलं तेव्हा माझे डोळे आपोआप मिटले होते. तुम्ही खाली आलात आणि हेल्मेट काढत विचारलंत, "जेवलास का रे?"

मग एकाहत्तरचा डिसेंबर आला. लढाई सुरू झाली आणि आपलं जहाज बंगालच्या उपसागरात होतं. विमानं चितगावच्या बाजूला जायची, बंदरावर, धावपट्टीवर मारा करायची, परत यायची. आम्ही खालची माणसं इंधन भरायचो, दारूगोळा चढवायचो, तपासायचो आणि पुन्हा सोडायचो. झोप नव्हती. पण मी खोटं कशाला सांगू साहेब, तसे दिवस पुन्हा आयुष्यात आले नाहीत. प्रत्येक विमान परत आलं की छाती फुगायची. एकूण एक परत येत होतं.

त्या सकाळचं सांगतो.

तुम्ही हेल्मेट काखेत घेऊन विमानापाशी आलात. पहिल्या तुकडीत तुमचा नंबर होता. मी शेवटची तपासणी करत होतो. विमानाची चाकं तेलाच्या दाबानं खाली येतात. ते तेल गेलंच, तर अडीअडचणीला दाबलेल्या हवेची एक बाटली असते. ती उघडली की हवेच्या जोरानं चाकं खाली पडतात. त्या बाटलीचा काटा थोडा उतरलेला दिसला. मर्यादेच्या आत होता, पण आदल्या दिवशी होता तिथं नव्हता.

"साहेब, ही बाटली बदलावी लागंल. वीस मिनिटं द्या."

"काटा मर्यादेत आहे ना?"

"हाय की. पण मला बरं वाटंना."

"बरं वाटंना?" तुमचा आवाज चढला. "तुकडी निघालीय! लढाई तुझ्या वाटण्यासाठी थांबणार आहे का? दहा जणांना तपासायला दिलं असतं तर दहा जणांनी सोडलं असतं हे विमान. बाजूला हो!"

सगळं डेक बघत होतं. मी बाजूला झालो नाही. शिडीला धरून उभा राहिलो. शेवटी चीफ आले, काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बदलू दे त्याला." तुमच्याशिवाय तुकडी गेली. तुम्ही पाठ फिरवून उभे राहिलात. मी भरलेली बाटली आणली, बसवली, जोड आवळला, पुन्हा आवळला, विमानाच्या वहीत लिहिलं, 'हवेचा दाब कमी, बाटली बदलली', आणि खाली सही केली.

उडण्यापूर्वी पायलटनं ती वही वाचून सही करायची असते. तुम्ही वही घेतलीत. नेहमीपेक्षा जास्त वेळ वाचत राहिलात. एक पान मागं उलटलंत. मला वाटलं, राग अजून गेलेला नाही. मग सही केलीत, शिडी चढलात आणि पुढच्या तुकडीबरोबर गेलात.

चार गेली. वेळेवर तीन परत आली.

चौथं दिसलं तेव्हा ते फार खालून येत होतं आणि त्याच्या पोटातून तेलाची रेघ निघत होती. विमानभेदी तोफेचा गोळा लागला होता. तेल सगळं गेलं होतं. चाकं खाली येत नव्हती. चीफ धावत आले. "बिराजदार. चाकं अडकलीयत. वरून हुकूम गेलाय, जहाजाजवळ येऊन उडी मारायची. हेलिकॉप्टर उचलेल."

मी डेकच्या कडेच्या जाळीत उभा होतो. आग विझवणारे तयार, बाकीची विमानं पुढे ढकलून डेक मोकळं केलेलं. आम्ही तुमच्या छत्रीची वाट बघतोय. आणि तुम्ही काय केलंत? जहाजाला एक वळसा घातलात. इंधन संपत आलेलं, आणि तुम्ही वळसा घालताय! मग माझ्या डोळ्यांसमोर डावं चाक खाली आलं. मग उजवं. पुढचं येईना. मी जाळीचा गज एवढा घट्ट धरला होता की तळहाताची साल निघाली. कुणाचं नाव घेतलं ते आठवत नाही. पुढचं चाक निम्मं आलं, थांबलं, आणि खाडकन सरळ झालं.

बाटलीतली हवा होती ती, साहेब.

तुम्ही आलात. आकडा तारेत बसला, तार ताणली गेली, विमान थरथरलं आणि थांबलं. अख्ख्या जहाजातून जो आवाज उठला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. स्वयंपाकी कणकेच्या हातांनी वर आले होते. विमानाच्या पोटाला माझं डोकं जाईल एवढं भोक पडलं होतं.

तुम्ही खाली उतरलात. कमांडर पुढे आले होते, डॉक्टर आले होते. तुम्ही सगळ्यांना ओलांडून सरळ माझ्यासमोर आलात आणि सगळ्या डेकला ऐकू जाईल असं म्हणालात, "सकाळी मी या माणसावर सगळ्यांसमोर ओरडलो. म्हणून आता सगळ्यांसमोर माफी मागतो. दत्ता, चूक माझी होती."

अधिकाऱ्यानं खलाशाची माफी मागितलेली मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही. मी मान खाली घातली. सगळे समजले, पोरगा भारावला. मी भारावलो नव्हतो साहेब. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

कारण चूक माझी होती.

आदल्या दिवशी ती बाटली मीच बसवली होती. दोन दिवसांचं जागरण, पुढचं विमान उतरायच्या बेतात, आणि मी जोड हातानं फिरवला, पान्यानं शेवटचं आवळायचं राहून गेलं. वहीत मात्र 'बसवली, तपासली' लिहून सही ठोकली. सकाळी काटा उतरलेला दिसला. हात घालून बघितलं तर जोड अर्धा आटा सैल. हवा हळूहळू गळत होती. तुम्ही पहिल्या तुकडीत गेला असता तर चाकं खाली ढकलण्याएवढी हवा उरली असती की नाही, देव जाणे. मी बाटली बदलली, जोड आवळला, पण सैल जोडाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. भ्यालो. लढाईत असल्या चुकीला काय शिक्षा होते ते माहीत होतं.

आणि तुम्ही मला हिरो करून टाकलंत.

लढाई जिंकली. सुट्टी मिळाली तेव्हा तुम्ही सोलापूरला घरी जाऊन दोन दिवसांत गणवेश घालून करकंबला आलात. आमच्या दादांना, माझ्या वडिलांना, मी काय नोकरी करतो ते कधी कळलंच नव्हतं. ते तुम्हाला म्हणाले, "पोरगं पाण्यावर ऱ्हातंय आन् इमानाला त्याल लावतंय, एवढंच आमाला ठावं. शेती सोडून ह्यो कसला धंदा?"

तुम्ही आमच्या ओट्यावर मांडी घालून बसलात. "दादा, विमान उडवायला माझ्यासारखे पुष्कळ मिळतील. पण तुमचं पोरगं 'जा' म्हणाल्याशिवाय मी जात नाही. मी जिवंत बसलोय ना तुमच्यासमोर, ते ह्याच्यामुळं."

दादा उठले, आत गेले आणि फेटा बांधून बाहेर आले. गावानं तुमच्यासाठी बैलगाडी सजवली होती. तुम्ही वर चढलात आणि हात देऊन मलाही वर ओढलंत. बाजारपेठेतून वाजत गाजत नेलं आपल्याला. बायका औक्षण करत होत्या. दादा गाडीपुढं चालत होते, भेटेल त्याला सांगत, "आमच्या दत्त्यानं 'जा' म्हनल्याबिगर ते उडत न्हाईत!" त्या गाडीतच मी तुम्हाला खरं सांगणार होतो. "साहेब, एक बोलायचंय," असं म्हणालोसुद्धा. हलगी एवढी वाजत होती की तुम्ही कानाला हात लावून हसलात. दादांच्या फेट्याकडे बघितलं आणि मीही गप्प झालो.

पुढं तुम्ही कमांडर होऊन निवृत्त झालात आणि सोलापुरात घर बांधलंत. मी करकंबला शेतीपंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं. महिन्यातून एकदा तांब्याची तार आणायला मी सोलापूरला यायचो आणि दुपारचं जेवण तुमच्याकडे ठरलेलं. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वाद. मला स्टँडवर सोडायला तुम्ही गाडी काढायचात आणि फाटकाच्या खांबाला हमखास घासायचात. हलत्या जहाजावर विमान उतरवणारा माणूस, पण गल्लीत गाडी मागं घेता आली नाही शेवटपर्यंत. "आकाशात रिव्हर्स नसतो रे," म्हणायचात. तिकडून वहिनीसाहेब ओरडायच्या, "मग आकाशातच चालवा!"

वाद मात्र एकच. मी म्हणायचो, "हुकूम होता, उडी का मारली न्हाई? इमान लोखंडाचं होतं. दुसरं आलं असतं."

तुम्ही म्हणायचात, "बाटली होती ना."

"बाटलीचा काय भरवसा?"

"बाटलीचा कुठं म्हणतोय मी?" एवढं बोलून तुम्ही भाकरी मोडायला लागायचात. वर्षानुवर्षं हे एकच वाक्य. मला वाटायचं, म्हातारा मुद्दाम कोड्यात बोलतो.

दुसऱ्यांदा सांगायचा प्रयत्न केला तो माझ्या मुलीच्या लग्नात. तुम्ही आशीर्वाद द्यायला उभे राहिलात आणि पाहुण्यांना पुन्हा तीच हकिगत सांगितलीत. मुलगी माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, ती बघून मी पुन्हा पंगतीकडे वळलो. तिसऱ्यांदा गेल्या महिन्यात, हॉस्पिटलात. तुम्हाला बोलताना धाप लागत होती. मी खुर्ची पुढं ओढली. "साहेब, त्या बाटलीचं..." तुम्ही माझा हात धरलात. डोळे मिटलेलेच. म्हणालात, "चांगली चालली रे." मी पुढं बोललो नाही. तेवढा मी भित्राच.

तुम्हाला ठेवून आल्यावर चौथ्या दिवशी वहिनीसाहेबांना भेटायला गेलो. चहा झाला, आणि मला राहवलं नाही. त्यांच्यासमोर सगळं ओकलो. सैल जोड, वही, सही, सगळं. मान वर करायची हिंमत नव्हती.

त्या म्हणाल्या, "दत्ताभावजी, त्यांना माहीत होतं."

"कवापासनं?"

"त्याच सकाळपासून. आमचं लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी मला सांगितलं होतं. वहीचं मागचं पान उलटलं तर आदल्या दिवशी बाटली बसवल्याची सही तुमची, आणि आज दाब कमी म्हणून बदलल्याची सहीही तुमचीच. एका दिवसात नव्या बाटलीतली हवा आपोआप कुठं जाईल? मला म्हणाले, पोरानं काल चूक केली आणि आज माझ्या शिव्या खाऊन ती दुरुस्त केली. अशा माणसानं आवळलेला जोड जगात सगळ्यात घट्ट असतो. म्हणून सही केली आणि बसलो."

मग विचारलं, "मला का न्हाई बोलले?"

"मी पण विचारलं होतं. म्हणाले, ते त्याचं आहे. त्याला वाटेल तेव्हा तो सांगेल. मी आधी बोललो तर तो माझ्यासमोर पुन्हा ताठ बसणार नाही."

तेव्हा रडलो साहेब. पंच्याहत्तरीचा माणूस, तुमच्या हॉलमध्ये, तुमच्याच खुर्चीत. पहिल्यांदा तुमचा राग आला. एवढी वर्षं मला आतल्या आत जळू दिलंत? एका शब्दानं मोकळं करता आलं असतं! मग बसल्या जागी हळूहळू उलगडत गेलं. चूक माहीत असून तुम्ही त्याच विमानात बसलात. चाकं अडकली, उडी मारायचा हुकूम आला, तरी तुम्ही वळसा घातलात आणि ती बाटली उघडलीत. डेकवर माफी मागितलीत तेव्हा माहीत होतं. आमच्या ओट्यावर दादांसमोर बसलात तेव्हा माहीत होतं. 'बाटलीचा कुठं म्हणतोय' याचा अर्थ मला आत्ता कळला, आणि भांडायला तुम्ही नाही.

तुम्ही जिंकलात. वाद मिटला. मान्य.

काल सोलापुरात तुमची शोकसभा झाली. माजी नौसैनिक, डॉक्टर, शाळेचे मास्तर, हॉल भरला होता. लोकांनी तुमच्या पदकाबद्दल सांगितलं, धाडसाबद्दल सांगितलं. मग माझं नाव पुकारलं. "कमांडर साहेबांचे प्राण वाचवणारे दत्तात्रय" अशी ओळख करून दिली. पहिल्या रांगेत माझी मुलगी होती, जावई होता, नातवंडं होती.

मी माईक धरला. "ही वळख चुकीची हाय," म्हणालो, आणि सैल जोडापासून सुरुवात केली. करकंबच्याच भाषेत बोललो, तुम्हाला आवडायची तशी. एकही गोष्ट गाळली नाही. मी भ्यालो ते सांगितलं, वहीत लपवलं ते सांगितलं. शेवटी म्हणालो, "तोफांच्या समोर जाणारे शूर लोक मी लई बघितले. पण ज्यानं चूक केली त्याच्याच हातावर जीव ठिवून वर जाणारा एकच बघितला. मी त्यांना वाचवलं न्हाई. त्यांनी मला वाचवलं, आन् मला पत्ता लागू दिला न्हाई."

खाली येऊन बसलो. मुलीनं माझा हात हातात घट्ट धरला.

शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, साहेब. दोन मिनिटं उभं राहतात आणि मुकाट्यानं घरी जातात. पण पांढऱ्या साडीतल्या वहिनीसाहेब उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी पहिली टाळी वाजवली. मग मागच्या रांगेतले म्हातारे नौसैनिक काठ्या टेकत उठले. मग अख्खा हॉल उठला. किती वेळ चाललं होतं कोण जाणे. कुणी थांबवलं नाही, कुणाला थांबावंसं वाटलं नाही. आणि मी, तुमचा मेकॅनिक, त्या सगळ्यांच्या मधे तुमच्या फोटोसमोर ताठ उभा होतो.